हरवलेलें गांव आणि उरलेलीं झाडें

बालपणींच्या गांवाविषयीं लिहिणाऱ्या लेखकांची एक खोड वाचकांच्या परिचयाची आहे. आपण सोडलें त्या दिवशीं गांव जसें होतें, तसेंच तें सदैव राहावयास हवें होतें असें ते गृहीत धरतात. मग नवी इमारत दिसली कीं उसासा टाकतात. आमचें बालपण सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर गेलें असल्यामुळें या उसाशाचा मोह आम्हांसही ठाऊक आहे. म्हणूनच हिमालयाच्या कुशींत वाढलेल्या रस्किन बाँड यांच्या इंग्रजी कथा आम्ही कांहींशा साशंक मनानेंच हातीं घेतल्या.

बाँड यांचा जन्म १९३४ सालीं कसौली येथें झाला. आजीचें घर डेहराडूनला होतें. वडील १९४४ सालीं निवर्तले. मुलगा तेव्हां अवघा दहा वर्षांचा होता. ‘आवर ट्रीज स्टिल ग्रो इन देहरा’ या त्यांच्या संग्रहास १९९२ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वडिलांच्या झाडांविषयींच्या त्यांच्या कथेंत निवेदक बऱ्याच वर्षांनीं डेहराडूनला परत येतो. शहर पार बदललेलें असतें. परंतु तो शहराकडे पाहून रडत बसत नाहीं. नदीच्या पात्रांतील ज्या बेटावर बापलेकांनीं रोपें लाविलीं होतीं, तेथें जातो. तीं रोपें वाढलेलीं असतात, त्यांचा वंशविस्तारही झालेला असतो. गेलेल्या दिवसांची आठवण येथें जिवंत वस्तूस जाऊन भिडते. म्हणून ही कथा हळवी असूनही दुबळी वाटत नाहीं.

‘डस्ट ऑन द माउंटन’ या कथेची जात निराळी आहे. पाऊस न पडल्यानें शेत उजाड झालेला बिस्नू हा पोर कामासाठीं मसुरीस येतो, आणि अखेर चुनखडीच्या खाणीवरील ट्रकवर चाकरीस राहतो. सुरुंगांनीं फुटणारा डोंगर आणि झाडांवर बसलेली धूळ आपणांस दिसते ती त्याच्या डोळ्यांनीं. डोंगराच्या नाशास येथें कारण आहे, आणि त्या नाशावर पोट भरणारी माणसेंही आहेत. उसासे टाकणारे लेखक नेमकीं हींच माणसें विसरतात.

तरीही या कथेंत एक उणीव आम्हांस जाणवली. अपघातानंतर बिस्नू शेताकडे परततो, आणि कथा समाधान पावते. ज्या अवर्षणानें त्यास घर सोडावयास लाविलें, तें पुन्हां आलें तर त्यानें काय करावें? सर्वोच्च न्यायालयानें १९८५ सालीं डून खोऱ्यांतील बऱ्याच खाणी बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हां मजुरांस सोसावी लागणारी झळ त्यानें स्पष्ट शब्दांत मान्य केली. त्यांस शक्यतों वनीकरणाच्या कामांत सामावून घ्यावें असेंही सुचविलें. कथेनें सोडून दिलेला प्रश्न न्यायालयास सोडतां आला नाहीं.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. ज्या मसुरीसाठीं आज हळहळ वाटते, ती स्वतःच इंग्रजांनीं गेल्या दोनशें वर्षांत डोंगरावर वसविलेली वस्ती होय. आपल्या बालपणींचें दृश्य हेंही कोणा वृद्धाच्या दृष्टीनें बिघडलेलेंच होतें. तेव्हां ‘गांव बदललें’ ही तक्रार पुरेशी नव्हे. कोणता बदल झरे आटवितो आणि कोणता घरांत दिवा आणतो, हा विवेक लेखकानें केला पाहिजे. आमच्या घाटमाथ्यावरील गांवाविषयीं आम्ही पूर्वीं जें लिहिलें, त्यांत हा विवेक आढळत नाहीं, हें या कथा वाचल्यावर आम्हांस कबूल करावें लागत आहे.