दंतव्यंगोपचारशास्त्राचे अध्यापन : प्रमाण चेहरा आणि समोरचा रुग्ण

‘ऑर्थोडॉन्टिक्स’ हा शब्द ‘सरळ’ व ‘दात’ या दोन ग्रीक शब्दांपासून बनला आहे. मराठीत त्याला ‘दंतव्यंगोपचारशास्त्र’ हा पर्याय रूढ झाला. तपासणीपूर्वीच व्यंग गृहीत धरणारे हे नाव या विषयाच्या अध्यापनपद्धतीविषयी नकळत बरेच काही सांगून जाते.

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील शासकीय दंत महाविद्यालयाची स्थापना १९८२ ची. येथील पदव्युत्तर विद्यार्थी तीन वर्षांत सिद्धान्त व चिकित्सा दोन्ही आत्मसात करतो. मात्र त्याचे पाठ्यग्रंथ इंग्रजी आणि त्यांतील प्रमाणके बहुतांशी अमेरिकी असतात. एडवर्ड अँगल यांचे १८९९ चे वर्गीकरण दाढांच्या परस्परसंबंधावर आधारलेले आहे. विल्यम डाउन्स यांनी १९४८ मध्ये मांडलेली मापे अवघ्या वीस गौरवर्णीय मुलामुलींवरून घेतलेली होती. सेसिल स्टायनर यांचे ८२, ८० व २ हे अंश तर विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. भारतीय समाजगटांसाठी स्वतंत्र मापे शोधणारे संशोधन झालेले आहे, तरीही तुलनेचा पहिला आधार जुनाच राहतो.

हा प्रश्न केवळ आकड्यांचा नाही. मापांतील फरकाला दोष मानले की पुढची पायरी अनेकदा चार निरोगी उपदाढा काढण्याची असते, आणि काढलेला दात परत येत नाही. ओठ किंचित पुढे असणे हे मराठवाड्यातील कित्येक घरांत कौटुंबिक साम्य असते. क्ष-किरण चित्रावर तेच विकृती ठरू शकते. दात काढण्यास अँगल यांचा कडवा विरोध होता. त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी स्वतः उपचार केलेले रुग्ण पुन्हा तपासले, अपयश मान्य केले आणि गुरूंचे मत सोडले. पाठ्यग्रंथांत ट्वीड यांचा कोन उरला. रुग्णाकडे परतून पाहण्याची त्यांची रीत मागे पडली.

विल्यम प्रॉफिट यांच्या १९८६ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे मोल येथे जाणवते. नंतरच्या आवृत्त्यांत त्यांनी ओठ, गाल व हास्य यांना उपचाराच्या आखणीत केंद्रस्थानी आणले, आणि ग्रंथाचा आरंभच दंतरचनेच्या सामाजिक परिणामांनी केला. हा ग्रंथ अभ्यासक्रमात सर्वत्र वाचला जातो. मात्र परीक्षेला सोयीचे कोन आधी पाठ होतात, आणि ते पहिले प्रकरण चाळून पुढे जाण्याची प्रवृत्ती दिसते.

रुग्णपत्रिकेत ‘मुख्य तक्रार’ रुग्णाच्याच शब्दांत नोंदवावी, असा दंडक आहे. जालन्याहून मुलीला घेऊन आलेली आई ‘हिचे दात पुढं आलेत, पुढं लग्नाला अडचण नको’ असे सांगते, असे समजू. पत्रिकेत तिच्या बोलण्याचा पूर्वार्ध ठरावीक इंग्रजी वाक्यात उतरतो. उत्तरार्धासाठी रकानाच नसतो.