बॉसचं ग्रहण

मार्क ट्वेनची 'अ कनेक्टिकट यांकी इन किंग आर्थर्स कोर्ट' ही कादंबरी मी दोन महिने वाचत होतो. रात्रपाळी सुटली की तासभर, मांडीवर डिक्शनरी घेऊन. पुस्तक १८८९ सालचं. माझं इंग्रजी नववीपर्यंतचं, पुढचं डिक्शनरीचं. तेव्हा प्राध्यापक मंडळींना माझ्या वाचनात चुका सापडतील. सापडू द्या. पण या पुस्तकाचा नायक कारखान्यातला माणूस आहे, आणि कारखान्यातल्या माणसाबद्दल बोलायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

नायकाचं नाव हँक मॉर्गन. बाप लोहार. हा हार्टफर्डच्या कोल्ट बंदुकांच्या कारखान्यात गेला, बंदुका, तोफा, बॉयलर, इंजिनं सगळं करायला शिकला आणि दोनेक हजार माणसांवरचा मुख्य सुपरिंटेंडंट झाला. एका कामगाराशी मारामारी होते, डोक्यात पहार बसते, आणि हा डोळे उघडतो तो सन ५२८ मध्ये, इंग्लंडात, आर्थर राजाच्या राज्यात. तिथं त्याला धरतात आणि जिवंत जाळायची शिक्षा देतात. त्याला आठवतं की २१ जूनला खग्रास सूर्यग्रहण आहे. मग तो दम भरतो, मी सूर्य विझवीन. सूर्य झाकोळायला लागतो आणि राजा गयावया करतो. लगेच याचा सौदा तयार: मला कायमचा प्रधान करा, आणि राज्याचं उत्पन्न मी जेवढं वाढवीन त्यातला शेकडा एक मला द्या. जीव वाचवला तो वाचवला, वर कमिशन ठरवलं.

ही युक्ती ट्वेननं हवेतून काढलेली नाही. १५०४ साली जमैकात अडकलेल्या कोलंबसाला तिथले लोक अन्न देईनासे झाले. त्याच्याजवळ पंचांगासारखी पुस्तकं होती. २९ फेब्रुवारीच्या चंद्रग्रहणाचा धाक घालून त्यानं अन्न वसूल केलं. हँकलाही ऐन वेळी कोलंबसच आठवतो.

इथं मी पुस्तक मिटलं. मला माझी आजी आठवली. ती पोर असताना ग्रहण लागलं की आपल्या आईमागं गावात फिरायची. "दे दान, सुटे गिरान!" म्हारामांगांनी ओरडायचं, गावानं वरून दाणे नायतर फाटकं लुगडं टाकायचं. ग्रहणाची वेळ पंचांगात, पंचांग भटाच्या घरात. आम्हाला फक्त ओरडायचं काम. तेव्हा हँकनं राजाला गंडवलं म्हणून वाचक हसतात, तिथं मला हसू आलं नाही. राजाच्या मागं चौकात जे हजारो लोक भीतीनं थरथरत होते, त्यांच्यात मी माझी आजी बघितली.

तरी पुस्तक खोटं नाही. ट्वेनला गरिबाची भीती आतून कळलेली आहे. एका जमीनदाराचा खून होतो, वाडा जळतो, आणि गावचे गरीबच संशयावरून आपल्या भाईबंदांना धरून झाडाला लटकवतात. त्यात मार्को नावाचा कोळसे भाजणारा असतो. हँक त्याला बोलतं करतो तेव्हा तो कबूल करतो की जमीनदार मेला याचा मला आनंदच झाला, पण गेलो नसतो तर माझ्यावर आलं असतं. हे पान मी तीनदा वाचलं. पुढं राजा आणि हँक साध्या वेषात फिरताना पकडले जातात आणि गुलाम म्हणून विकले जातात. राजाला सात डॉलर येतात, हँकला नऊ. स्वतःच्या पाठीवर चाबूक बसल्यावरच राजाला गुलामगिरी बंद करावी वाटते. ट्वेनला इथं शंभर टक्के मार्क.

पण हँकचं काय? तो मर्लिन जादूगाराला ढोंगी म्हणतो. बरोबर आहे, मर्लिन ढोंगीच. मग हा काय करतो? मर्लिनच्या बुरुजात दारू भरतो, वर सळई उभी करतो, वीज पडायची वाट बघतो आणि बुरूज उडवल्यावर म्हणतो, माझी जादू मोठी. बघणाऱ्या माणसाच्या पदरात काय पडलं? आधी एका जादूगाराला भ्यायचं, आता दुसऱ्याला. लोक त्याला 'बॉस' म्हणायला लागतात आणि तो खूश होतो. प्रधान झाल्याच्या पहिल्या दिवशी त्यानं उघडलं काय, तर पेटंट ऑफिस. शाळा, वर्तमानपत्र त्यानंतर. आणि ते कारखाने, त्या शाळासुद्धा कितीतरी वर्षं लोकांच्या नजरेआड. जोतिबा-सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा भर वस्तीत उघडली. शेण-दगड खाल्ले, पण लपवली नाही.

डौली नावाच्या लोहाराचा प्रसंग तर प्रत्येक कामगारानं वाचावा. हँक त्याला आणि त्याच्या दोस्तांना समजावत असतो की पगाराचा आकडा बघू नका, त्या पगारात बाजारातून काय येतं ते बघा. मुद्दा लाखाचा आहे. पण त्यांना पटत नाही, हा वादात हरतो, आणि चिडतो. मग डौलीला पेचात पकडतो: तू ठरलेल्या दरापेक्षा जास्त मजुरी दिलीस, कायद्यानं तुला खोड्यात अडकवता येतं! म्हणजे उमरावांनी मजुरी दाबायला केलेला कायदा यानं हत्यार म्हणून उचलला. कशासाठी? आपलं शहाणपण वर ठेवण्यासाठी. घाबरलेले लोक मग त्याच्याच अंगावर येतात. यावेत!

असला बॉस मी रोज बघतो. आमच्या सूतगिरणीत एक फिटर आहे. साच्याचं सेटिंग करताना आमच्याकडं पाठ करून उभा राहतो. दिसू देत नाही. धागा तुटला की शिव्या आम्ही खायच्या, आणि दादा, या दादा, म्हणून त्यालाच आणायचं. तोही आमच्यासारखाच चाळीतला. पण ती पाठ हीच त्याची इस्टेट आहे.

आणि मी? २५ ऑक्टोबर २०२२ ला संध्याकाळी सूर्यग्रहण होतं. वस्तीत मी वेळ सांगितली, मिनिटासकट. तसंच झालं. एक म्हातारी माझ्याकडं अशी बघायला लागली, की तिनं आयुष्यभर भटाकडं तसंच बघितलं असणार. मला गोड वाटलं. चंद्र आड येतो, दुसरं काय नाय, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी बोललो नाही. म्हणून हँकवर लिहिताना माझा हात जरा अडखळतो.

शेवट सगळ्यांना भयंकर वाटतो. मला तो हिशेबाचा वाटला. मधल्या काळात हँकनं शाळा, आगगाडी, टेलिफोन सगळं उघड केलेलं असतं, गुलामगिरी संपलेली असते. पण ते सगळं वरून आलेलं. धर्मपीठ बहिष्कार पुकारतं, डोळे वटारतं, आणि लोक निमूट मागं फिरतात. हँकजवळ उरतात क्लॅरेन्स आणि ५२ पोरं, चौदा ते सतरा वर्षांची. तो एक बटण दाबून आपलेच सगळे कारखाने उडवून देतो, शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून. विजेच्या तारा आणि गॅटलिंग तोफांनी पंचवीस हजार सरदार मारतो, आणि प्रेतांच्या कोटात स्वतःच कोंडला जातो. हँकचं म्हणणं, लोकांचे संस्कारच तसे. मी विचारतो, ज्या देशाचा उजेड एका बटणावर होता, ते बटण इतरांच्या हातात कधी दिलं होतंस?

एक मित्र म्हणाला, बाबासाहेबही परदेशातलं ज्ञान घेऊन मध्ययुगी गावात आलेच की. आले. पण २० मार्च १९२७ ला महाडला त्यांनी चमत्कार केला नाही. भर दिवसा तळ्यावर गेले, ओंजळीनं पाणी प्याले, आणि मागून हजारो प्याले. बघणाऱ्याला करता येईल असं ते काम होतं. माझा हँकशी झगडा एवढाच आहे.

२ ऑगस्ट २०२७ ला पुन्हा सूर्यग्रहण आहे. आपल्याकडं खंडग्रास दिसेल. तारीख मुद्दाम इथं छापतोय. त्या दिवशी मी वस्तीत चेंडू आणि बॅटरी घेऊन बसणार आहे. ती म्हातारी असली तर तिला पुढं बसवीन, आणि चेंडू तिच्याच हातात देईन.