परतीचा टप्पा : ग्रीक वीर आणि आपला कर्ण

वीराच्या प्रवासाचे टप्पे, हा शब्दप्रयोग हल्ली पटकथेच्या शिबिरांपासून प्रेरणादायी भाषणांपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. त्याचं मूळ जोसेफ कॅम्पबेल या अमेरिकन अभ्यासकाच्या १९४९ सालच्या पुस्तकात आहे. घर सोडणं, कसोटीतून जाणं आणि काहीतरी मोलाचं घेऊन परतणं, असे तीन मोठे टप्पे. त्यांचे सतरा पोटभाग.

आता हा आराखडा ग्रीक कथांना लावून बघू. पहिले दोन टप्पे छान बसतात. गाडी अडते ती तिसऱ्यापाशी. थीसियस मिनोटॉरला मारून निघतो, पण काळं शीड बदलायला विसरतो. ते पाहून बाप समुद्रात उडी घेतो. जेसन सोनेरी लोकर आणतो आणि शेवटी आपल्याच कुजलेल्या जहाजाचं लाकूड डोक्यात पडून मरतो. अॅगमेम्नॉन ट्रॉय जिंकून येतो, तर घरातच त्याचा खून होतो. ओडिसियस दहा वर्षं लढून, दहा वर्षं भटकून घरी पोचतो, ते भिकाऱ्याच्या वेशात. शिवाय भविष्य असं, की वल्हं खांद्यावर टाकून पुन्हा निघायचंय! म्हणजे कॅम्पबेल जिथे वर्तुळ पूर्ण करतो, तिथेच ग्रीकांची खरी शंका सुरू होते. गेलेला माणूस आणि परतलेला माणूस एकच असतो का?

आपल्याकडे हा प्रश्न कर्णाचा आहे. पर्सियस आईबरोबर पेटीत समुद्रावर सोडला गेला, कर्ण एकटाच पेटीत नदीवर. ऑटो रँकने १९०९ मध्येच वीरांच्या जन्मकथांत कर्णाला घेतलं होतं. पण खरी गोष्ट पुढे आहे. उद्योगपर्वात कृष्ण त्याला घरी बोलावतो. तू थोरला पांडव, राज्य तुझं. मग कुंतीही येते. परतीचा टप्पा स्वतः चालत दारात आलाय, आणि कर्ण नाही म्हणतो. ज्या राधेने वाढवलं ती आई, ज्याने मान दिला तो मित्र. वर कुंतीलाच तो अर्जुन सोडून चार मुलांचं अभय देतो. आराखड्याच्या हिशेबात हा प्रवास अपुरा. मला वाटतं, कर्णाचं मोठेपण नेमकं या नकारात आहे.

शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) ही कथा सहा जणांच्या तोंडून सांगितली, हे फार शहाणपणाचं. प्रवास एकट्या वीराचा नसतो; शोण आणि वृषाली यांचाही असतो. पण डोळे पाणावले की ‘युगान्त’ शेजारी घ्यावं. इरावतीबाई कर्वे कर्णाला सूट देत नाहीत. द्यूतसभेत द्रौपदीबद्दल तो जे बोलला, ते कुठल्याच टप्प्यात पुसलं जात नाही. त्यांच्या लेखाचं नावच ‘मी कोण?’ असं आहे.

इथे दिव्यात बसलेले तुमच्यापैकी अनेकजण कोकणातले. गणपतीला सावंतवाडीच्या गाडीने जाता, आठवड्याने येता. यातलं परतणं कुठलं, जाणं की येणं? आराखड्यात घर एकच असतं. माणसाला कधीकधी दोन असतात, आणि त्यातलं आपलं कुठलं हे त्यालाच ठरवावं लागतं. कर्णाने ठरवलं, त्याची किंमतही मोजली. जो परतला नाही त्याचा प्रवास फसला, असं कुणी शिकवलं तर एवढं त्याला जरूर विचारा : परत कुठे?