‘मी त नुसती गेली होती’: ‘आम्हीही इतिहास घडवला’ वाचताना

लॉकडाऊनच्या काळात मी पुण्याहून नागपूरला घरी येऊन काम करत होतो. त्याच सुमारास आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. स्मरणिका काढायचं ठरलं आणि ‘तू कंप्युटरवाला’ म्हणून जुन्या माणसांची माहिती गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. मी एका संध्याकाळी ऑनलाइन फॉर्म बनवून टाकला. नाव, जन्मसाल, शिक्षण, पद, कार्यकाळ, कार्य. ‘पद’ हा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नसे. ती अट मीच घातली होती, माहिती अर्धवट राहू नये म्हणून.

एकसष्ट नावं जमली. त्यात बायका चार. त्यातल्या दोघींचं स्वतःचं नावच नव्हतं, ‘सौ.’ आणि पुढे नवऱ्याचं नाव.

मग आजीला विचारलं, “तू विहारात कोण होतीस?” ती तांदूळ निवडत होती. “मी का होती रे? मी त नुसती गेली होती.” कुठे, असं विचारल्यावर म्हणाली, “दीक्षेले गेली, सभेले गेली, मोर्चाले गेली. जाच लागे.” मी ‘पद’मध्ये ‘सदस्य’ लिहिलं आणि पुढच्या नावाकडे वळलो. स्मरणिका छापून आली. पुढच्या वर्षी आजी गेली.

हे सांगायचं कारण, त्यानंतर मी ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ वाचलं. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या सहभागाचं हे पुस्तक १९८९ साली आलं. वंदना सोनाळकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २००८ साली निघाला. पुस्तक जुनं आहे, त्याच्यावर लिहूनही भरपूर झालंय. तरी मला ते माझ्या फॉर्मच्या शेजारी ठेवून वाचावं लागलं, आणि तसं वाचताना जे दिसलं ते मांडतो आहे.

पुस्तकाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात १९५६च्या धर्मांतरापर्यंतचा इतिहास येतो: सभा, परिषदा, सत्याग्रह, ठराव, तारखा. दुसऱ्या भागात चाळीसहून अधिक स्त्रियांची चरित्रं आणि मुलाखती आहेत. पहिला भाग पुरावा देतो. उदाहरणार्थ, २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. तिथे घटस्फोटाचा हक्क मागितला गेला, बहुपत्नीत्वाला विरोध झाला, गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या रजेचा प्रश्न आला. ही मागणी करणाऱ्या बायका माझ्याच शहरात जमल्या होत्या आणि मला शाळेत, घरात, विहारात कुणीही हे सांगितलं नव्हतं. हिंदू विवाह कायद्याने घटस्फोटाची तरतूद आणली ती १९५५ साली, म्हणजे तेरा वर्षांनी.

पण माझा फॉर्म मोडला तो दुसऱ्या भागाने. जाईबाई चौधरींचं उदाहरण घ्या. त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. माझ्या फॉर्ममध्ये त्या सहज बसल्या असत्या: पद, संस्थापिका; कार्य, शिक्षण. आता त्याआधीचं आयुष्य पाहा. ही बाई कामठी ते नागपूर ओझी वाहायची. मिशनमधल्या एका बाईमुळे शिकली, शिक्षिका झाली. अस्पृश्य बाई आपल्या पोरांना शिकवते म्हणून सवर्ण पालकांनी गहजब केला आणि ती नोकरी गेली. म्हणजे शाळा काढण्यामागचं कारण ‘पद’च्या रकान्यात कुठेच येत नाही. ते ओझ्यात आहे आणि गेलेल्या नोकरीत आहे.

आणखी एक प्रसंग महाडचा. डिसेंबर १९२७मध्ये बाबासाहेब तिथे जमलेल्या बायकांशी बोलले. जातीची खूण ठरणारी लुगड्याची नेसण आणि अंगावरचे जडशीळ दागिने सोडा, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी नेसण बदलली. हा प्रसंग भाषणाच्या बाजूने अनेकदा सांगितला जातो. बायकांच्या बाजूने विचार केला तर प्रश्न वेगळे पडतात. परिषद दोन-तीन दिवसांची. नंतर प्रत्येकीला आपापल्या गावी परतायचं होतं. तिथे पाटलाच्या वाड्यावरून पायघोळ लुगडं नेसून जाताना काय झालं असेल? सासू काय म्हणाली असेल? अशा बाईला कार्यकाळ विचारला तर ती काय सांगणार?

शीर्षकातल्या ‘ही’बद्दल माझा आणि एका मित्राचा वाद झाला. त्याच्या मते हा ‘ही’ नमता आहे, पंगतीच्या शेवटी बसायला जागा मागणारा. मला तसं वाटत नाही. लेखिकांना दोन वह्यांकडे बोट दाखवायचं आहे: पुरुषांनी लिहिलेला चळवळीचा इतिहास आणि सवर्ण बायकांच्या पुढाकाराने लिहिला गेलेला स्त्रीमुक्तीचा इतिहास. दोन्हींत नाव नाही. तेव्हा हा ‘ही’ हिशेबातली चूक दाखवणारा आहे. शिवाय याआधीच्या काही वर्षांत कुमुद पावडे, शांताबाई कांबळे, बेबी कांबळे यांची आत्मकथनं आली होती. तिथे ‘मी’ होती. इथे ‘आम्ही’ आहे, आणि ज्या बाईला स्वतःबद्दल सलग चार पानं लिहायला कधीच बसता आलं नसतं तिचीही त्यात सोय आहे.

माझी तक्रारही आहे. इतकी मोकळी नजर असूनही दुसऱ्या भागात प्रवेश मिळतो तो बहुतांशी काही ना काही माग मागे राहिलेल्या बायकांना. कुणी भाषण केलं, कुणी वसतिगृह चालवलं, कुणी निवडणूक लढवली. सभेला फक्त गेलेली बाई पहिल्या भागात ‘हजारो स्त्रिया’ या शब्दांत राहते. शिवाय चरित्रं पुष्कळ ठिकाणी गौरवाच्या सुरात संपतात. जिथे बाई थकली, भांडली, चळवळीपासून दूर गेली, तिथे मला आणखी दोन प्रश्न ऐकायचे होते. अर्थात हे बोलणं मला सोपं आहे. लेखिकांनी हे काम केलं तेव्हा १९३०-४०च्या दशकातल्या कार्यकर्त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. ज्यांचा माग होता त्यांच्यापर्यंत तरी वेळेत पोचणं, हेच मोठं काम होतं. माझ्याकडे फोन होता, रेकॉर्डर होता, आणि आजी शेजारच्या खोलीत होती.

गेल्या दिवाळीत मी तो फॉर्म बाजूला ठेवला आणि आजीच्या मैत्रिणीकडे जाऊन बसलो. पुस्तकाने मला एक कळीचा प्रश्न दिला होता, तेवढाच घेऊन गेलो: सभेला जायचं तर घर कोणावर सोडून जायच्या तुम्ही? ती हसली. मग तासभर बोलली. दीक्षेच्या वेळी भंडाऱ्याकडून आलेली माणसं वस्तीत कोणाकडे उतरली, पीठ कोणाच्या घरचं होतं, पांढऱ्या लुगड्यासाठी कोणी कोणती वस्तू मोडली. पंधरा बायकांची नावं आली, सगळी पहिल्या नावाने. मधेच ती म्हणाली, “अन् तुही आजी. आमची सहा लेकरं तिच्याकडं ठेवून आम्ही मोर्चाले गेलो व्हतो. ते दोनदाच राह्यली घरी. एरवी म्हणे, या खेपेला दुसरीनं राहा.”

म्हणजे त्यांच्यात पाळी होती. कोणी जायचं आणि कोणी मागे राहायचं हे बायकांनी आपसात ठरवलेलं होतं, आणि त्याची नोंद कुठल्याच इतिवृत्तात नाही. आजी ‘नुसती गेली होती’ म्हणाली तेव्हा त्या जाण्यामागे एवढं सगळं उभं होतं. मी पुढे विचारलं नाही.

स्मरणिकेची दुसरी आवृत्ती निघणार नाही. ती पंधरा नावं मी वेगळ्या वहीत उतरवली आहेत, हातानेच. त्यातल्या तिघी अजून आहेत. पुढच्या सुट्टीत तिघींकडे जायचं आहे.