फ्लोरीन लावला की घसरतं, की अडतं?

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एक प्रश्न आला होता. नॉनस्टिक तव्याच्या लेपात फ्लोरीन असतो, त्याला काही चिकटत नाही. मग कार्बनच्या नॅनो-पदार्थांना फ्लोरीन लावला तर घर्षण कमीच होणार ना? उत्तरासाठी आज आम्ही दोन शोधनिबंध वाचायला घेतलेत. दोघांचं मोजमाप जुळतं, स्पष्टीकरण मात्र जुळत नाही.

आधी रचनेकडे बघू. कुलूप अडकलं की आपण पेन्सिलीची पूड आत सोडतो. (आपण त्याला 'शिसं' म्हणतो, पण त्यात शिसं औषधालाही नसतं. ते ग्रॅफाइट.) ग्रॅफाइटचे थर पत्त्यांसारखे सरकतात असं शाळेत शिकवतात, ते अर्धंच खरं. विमानं फार उंच उडू लागली तेव्हा त्यांच्या जनित्रांतले कार्बनचे ब्रश बघता बघता झिजू लागले. ग्रॅफाइटला निसरडं राहायला हवेतली वाफ लागते, हे सॅव्हेज यांनी १९४८ मध्ये दाखवलं. थर कोणत्या कोनात बसलेत यावरही बरंच अवलंबून असतं. लायडनला डीनविबेल, फ्रेंकेन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ग्रॅफाइटवर ग्रॅफाइटचाच बारीक पापुद्रा वेगवेगळ्या कोनांत सरकवला. अणूंच्या जाळ्या जुळल्या की घर्षण वाढायचं, दर ६० अंशांनी. मधल्या कोनांत ते जवळजवळ नाहीसं व्हायचं.

आता फ्लोरीन. क्वॉन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये निर्वात जागेत ग्राफीनवर अणुबल सूक्ष्मदर्शकाची सुई फिरवली. फ्लोरीन लावल्यावर घर्षण सहापट झालं, आणि चिकटण्याचं बल उलट थोडं कमी झालं! म्हणजे तव्याचा दाखला इथंच मोडतो. 'चिकटत नाही' आणि 'घसरतं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे दाखवणं ही या निबंधाची खरी कमाई.

पण कारण? ते म्हणतात, फ्लोरीनमुळे पत्रा ताठ होतो, त्याचा वाकण्याला होणारा विरोध चौपटीपर्यंत वाढतो, म्हणून घर्षण वाढतं. इथं आम्ही अडखळतो. २०१० मध्ये ली, कार्पिक, होन आणि सहकाऱ्यांना आढळलं होतं की थर जितके कमी, तितकं घर्षण जास्त, कारण पातळ पत्रा सुईपुढे चुणतो. म्हणजे तिथं लवचीक पत्रा जास्त अडवतो आणि इथं ताठ पत्रा जास्त अडवतो. दोन्ही खरं असू शकेल, नाही असं नाही. पण मग निव्वळ ताठपणावर सगळा भार टाकता येत नाही.

२०१४ मध्ये ली आणि कार्पिक यांच्या गटानं (हे ली वेगळे बरं का!) हेच पुन्हा मोजलं: घर्षण पाच ते नऊपट. त्यांचं म्हणणं, प्रत्येक फ्लोरीनपाशी विद्युतभार एकवटतो, त्यामुळे सुईच्या वाटेत ऊर्जेचे चढउतार वाढतात. गुळगुळीत रस्त्यावर गतिरोधक टाकावेत तसं. आम्हाला हे जास्त पटतं, आणि ते संगणकावरच्या गणितामुळे नव्हे. साध्या ग्राफीनवर सुई ठराविक अंतरानं अडकत-सुटत जाते. फ्लोरीन लावल्यावर ती लय विस्कटते. फ्लोरीन वाटेल तसा विखरून बसलाय हे प्रयोगातच दिसतं. ताठपणाच्या स्पष्टीकरणातून ही विस्कट आपोआप निघत नाही.

आमची तक्रार दोघांविषयी आहे. एक सिलिकॉनची सुई, एक थर, एवढ्यावरून 'फ्लोरीन घर्षण वाढवतो' असं वाक्य सुटतं आणि पुढं सगळीकडे फिरतं. यंत्रात वंगण म्हणून पूड असते, हजारो थर असतात, ते दबतात, तुटतात, धातूवर लेप धरतात. ग्रॅफाइट फ्लोराइड हे घन वंगण म्हणून नासाच्या फ्युसारो आणि स्लायनी यांनी १९७० च्या सुमारासच तपासलं होतं, आणि ते कोरड्या हवेतही चालतं, जिथं साधं ग्रॅफाइट हार मानतं. ग्वादलूप आणि क्लेरमाँ-फेराँच्या संशोधकांनी कार्बनच्या नॅनोतंतूंना फ्लोरीन लावला, तेव्हा तिथंही घर्षण कमी झालं. फ्लोरीन शिरला की थरांमधलं अंतर वाढतं आणि त्यांची एकमेकांवरची पकड सुटते. एका थरावर फिरणाऱ्या सुईला हे दिसणारच कसं? तिच्या खाली दुसरा थर सरकतच नाही.