रिपीटरचा नकाशा आणि न पोहोचलेली हाक

‘या रिपीटरची व्याप्ती सुमारे ५० किलोमीटर आहे.’ हौशी रेडिओवरच्या प्रकल्प-अहवालांत हे वाक्य हमखास भेटतं. सोबत एक नकाशा असतो. मध्ये मनोरा, भोवती हिरवं वर्तुळ, किंवा सॉफ्टवेअरने रंगवलेला हिरवा-पिवळा डाग. परीक्षक नकाशा बघतात, मान डोलावतात, पान उलटतात. मला मात्र तिथेच थांबायचं आहे. हा नकाशा नेमका कशाचा, हे विचारलं की बहुतेक अहवाल गडबडतात. रेडिओ तुमचा विषय नसला तरी वाचा. ‘आमची पद्धत इतक्यांपर्यंत पोहोचते’ असं वाक्य कधी ना कधी तुम्हालाही लिहावं लागणार आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रिपीटर म्हणजे उंचावर ठेवलेलं एक केंद्र. ते एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतं आणि त्याच क्षणी, तेच, जास्त ताकदीने दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर बोलतं. आपल्याकडे हौशी रेडिओचा दोन मीटरचा पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा. त्यात ऐकणं आणि बोलणं यांत नेहमीचं अंतर ६०० किलोहर्ट्झ. हातातला ५ वॅटचा सेट दरीत असला तरी रिपीटर त्याला डोंगराची उंची उसनी देतो. हे सगळं दूरसंचार विभागाच्या परवान्याने चालतं, मनात आलं म्हणून टेकडीवर खोकं ठेवता येत नाही.

आता उदाहरणासाठी यवतमाळ जिल्हा घेऊ. जुलै २०२३ मध्ये इथे एका रात्रीत प्रचंड पाऊस झाला. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर लोक पाण्यात अडकले, हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. ‘आपत्तीच्या वेळी मोबाइल बंद पडला तरी रिपीटर चालू राहील’ हे अशा अहवालांच्या प्रस्तावनेतलं आवडतं वाक्य. तेव्हा त्यांचा नकाशा अशाच रात्रीला लावून बघणं न्याय्य आहे.

पहिला हिशेब शाळेतला. ५० किमी त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण ७,८५० चौरस किमी. जिल्हा साडेतेरा हजारांच्या वर. म्हणजे वर्तुळ शंभर टक्के खरं मानलं आणि सगळंच्या सगळं जिल्ह्याच्या आत बसवलं, तरी निम्म्याहून थोडं जास्त. यवतमाळ शहरातून सरळ रेषेत पुसद सुमारे ८० किमी, वणी ९० च्या वर, उमरखेड शंभराच्या आसपास. आणि वर्तुळ शंभर टक्के खरं नसतंच. रेडिओ-क्षितिजाचं ढोबळ सूत्र आहे: मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले ४.१२, उत्तर किलोमीटरमध्ये. ३० मीटरचा मनोरा आणि दीड मीटरवर धरलेला सेट यांची बेरीज येते २८ किमीच्या आत. ५० गाठायला अँटेना आजूबाजूच्या जमिनीपेक्षा जवळपास १२० मीटर वर हवा. पुण्याजवळ सिंहगड आहे, त्यावर दूरदर्शनचा मनोरा उभा आहे आणि शहर त्याच्या सातशे मीटर खाली पसरलंय. यवतमाळचं पठार शहराच्या डोक्यावर असं उभं नाही. त्यातून पुसद डोंगरांच्या खोलगट वाटीत. तिथे सूत्रातली सपाट जमीन कुठून आणणार?

इथे अहवाल लिहिणारा म्हणेल, वर्तुळ आम्हीही काढत नाही, आम्ही मॉडेल वापरतो. ठीक आहे, मॉडेल बघू.

सगळ्यात लाडकं मॉडेल हाताचं. ओकुमुरा यांनी टोकिओच्या परिसरात केलेली मोजमापं १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली, हाता यांनी १९८० मध्ये त्यांच्या आलेखांना सुटसुटीत सूत्रांत बसवलं. काम उत्तमच आहे. पण हाता यांनी स्वतःच त्याच्या मर्यादा लिहून ठेवल्यात: फ्रिक्वेन्सी १५० ते १५०० मेगाहर्ट्झ, अंतर १ ते २० किमी, मुख्य अँटेनाची उंची ३० ते २०० मीटर. आपला रिपीटर १४५ वर आणि दावा ५० किमीचा. फ्रिक्वेन्सीची चूक किरकोळ म्हणून सोडून देता येईल. अंतराची नाही. टोकिओच्या २० किमीतून घाटंजीच्या सागवानातले ५० किमी काढणं म्हणजे पुण्याच्या रिक्षाचं मीटर बैलगाडीला लावणं. मूळ पेपर न वाचता सूत्र तिसऱ्याच्या प्रबंधातून उचललं की असं होतं, कारण सूत्र प्रवास करतं, त्याच्या मर्यादा मागे राहतात.

दुसरं मॉडेल लॉन्ग्ली-राइस, तेही १९६८ चं. ‘स्प्लॅट’ किंवा ‘रेडिओ मोबाइल’ अशा मोफत सॉफ्टवेअरमध्ये हेच असतं. ते जमिनीचा खरा चढउतार विचारात घेतं, म्हणून या कामाला कितीतरी योग्य. चढउताराची आकडेवारी बहुधा फेब्रुवारी २००० मधल्या ‘एंडेव्हर’ यानाच्या रडार-मोहिमेची असते. तरी तीन गोष्टी विचाराच. एक, ९० किंवा ३० मीटरच्या चौकोनात एक उंची असते, मग नाल्याच्या काठाआड बसलेला तांडा त्या चौकोनात दिसतो का? दोन, हवामानाचा पर्याय बदलला का? स्प्लॅटमध्ये तो मुळात समशीतोष्ण खंडीय हवामानाचा असतो. इतक्या अंतरावर त्याने उत्तर फारसं बदलत नाही हे खरं, पण तो तसाच ठेवलेला दिसला की मी पुढची पानं जरा सावध होऊन वाचते. तीन, आणि हा खरा प्रश्न: हिरव्या डागाची कड कोणत्या टक्केवारीची? हे मॉडेल ‘इतक्या टक्के वेळा’ अशा भाषेत बोलतं. कड ५० टक्के ठिकाणांची असेल, तर कडेवरच्या दर दोन जागांपैकी एका जागी काहीच पोहोचत नाही. नकाशात मात्र रंग एकच असतो.

एवढं सगळं नीट केलं तरी माझा मुख्य आक्षेप शिल्लक राहतो. हे नकाशे रिपीटर किती दूरवर *ऐकू येतो* ते दाखवतात. पुरात अडकलेल्या माणसाला गरज असते रिपीटरने त्याचं *ऐकण्याची*. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गणित करून बघा. रिपीटर २५ वॅट, हातातला सेट ५ वॅट, म्हणजे ७ डेसिबलचा फरक. अँटेना, केबल, डोंगर, झाडं दोन्ही दिशांना सारखीच. आता त्यात डीसेन्स मिळवा. रिपीटर एकाच अँटेनावरून एकाच वेळी बोलतो आणि ऐकतो. त्याचा आवाज ४४ डीबीएमचा, आणि त्याला ऐकायचा सिग्नल उणे १२१ डीबीएमच्या आसपासचा, म्हणजे मधे १६५ डेसिबलची दरी. कानाशी ढोल बडवत असताना पलीकडच्या गल्लीतली कुजबुज ऐकायची आहे. हे जमवतो डुप्लेक्सर, म्हणजे ट्यून केलेल्या धातूच्या नळकांड्यांचा संच. तो जरा बिघडला की रिपीटर स्वतःच्याच बोलण्याने बहिरा होतो. समजा १२ डेसिबलने बहिरा झाला. ७ आणि १२ मिळून १९ डेसिबल, जवळपास ८० पट. सपाट जमिनीवर दूरच्या टप्प्यात ताकद अंतराच्या चौथ्या घाताने घटते असं धरलं, तर अंतरात तिप्पट फरक पडतो. तुम्हाला रिपीटर ६० किमीवर स्वच्छ ऐकू येईल आणि तुमची हाक मात्र २० किमीच्या आतूनच पोहोचेल. क्षेत्रफळात नऊपट फरक! अहवालात छापलेला नकाशा ६० चा.

दुरुस्तीकडे मी संशोधन-पद्धतीचा वर्ग म्हणून बघते, कारण डीसेन्स शोधण्याची रीत हा अगदी स्वच्छ प्रयोग आहे. कपलरमधून रिपीटरला एक क्षीण सिग्नल द्यायचा, प्रक्षेपक बंद ठेवून तो १२ डेसिबल सिनॅडला आणायचा. मग प्रक्षेपक चालू करायचा आणि तीच गुणवत्ता परत मिळायला सिग्नल किती वाढवावा लागतो ते बघायचं. तेवढा डीसेन्स. पुढची पायरी अँटेनाच्या जागी डमी लोड लावण्याची. डीसेन्स तसाच राहिला, तर दोष डुप्लेक्सरमध्ये, प्रक्षेपकाच्या गोंगाटात किंवा खोलीतल्या जोडण्यांत. गेला, तर दोष वर: केबल, अँटेना, मनोऱ्यावरचे गंजलेले सांधे. एका वेळी एकच गोष्ट बदलली म्हणून उत्तर मिळालं. ‘कनेक्टर बदलले, डुप्लेक्सर पुन्हा ट्यून केला, अँटेना खाली घेऊन साफ केला, आता चालतंय’ असं लिहिणाऱ्यांना काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा सगळंच बदलावं लागतं.

मोजणारं यंत्रही फसवतं. केबलमध्ये पाणी शिरलं की तिची घट वाढते. वर गेलेली ताकद परत येताना पुन्हा घटते, त्यामुळे खालचा एसडब्ल्यूआर मीटर उलट *चांगला* आकडा दाखवतो. केबलची घट ६ डेसिबल असेल आणि वर अँटेना पूर्ण तुटलेला असेल, तरी खाली १.७ च्या आसपास दिसतं. नोंदवहीत लिहिलं जातं, ‘एसडब्ल्यूआर समाधानकारक’. तापमानाचंही तसंच. कॅव्हिटीच्या आतला दांडा अॅल्युमिनियमचा असेल, तर ३० अंशांच्या फरकाने तिची फ्रिक्वेन्सी सुमारे १०० किलोहर्ट्झ सरकू शकते. एकूण अंतरच ६०० चं, त्यातले शंभर गेले. म्हणून चांगल्या डुप्लेक्सरमध्ये इनव्हार नावाच्या, जवळपास न प्रसरणाऱ्या मिश्रधातूचा दांडा असतो. जानेवारीच्या गारव्यात ट्यून केलेला स्वस्त संच यवतमाळच्या मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत काय करत असेल, याची नोंद मला फार कमी ठिकाणी दिसते. मोजणीला सगळे हिवाळ्यातच जातात ना! तेव्हा रस्ते कोरडे असतात, आणि थोड्याच दिवसांत सागाची पानंही झडतात. जुलैत तोच साग भरगच्च आणि ओला असतो.

‘पण आम्ही प्रत्यक्ष पुरावाही दिलाय’ असं म्हणून काही जण रिपीटरची नोंदवही जोडतात: तीन महिन्यांत इतके संवाद, इतक्या गावांहून, बहुतेकांचा आवाज स्पष्ट. माझ्या मते या अहवालांतला सगळ्यात धोक्याचा भाग हाच. नोंदवहीत कोण येतं? जो पोहोचला तो. नाल्याच्या काठावरून पाच वेळा बटण दाबून थकलेल्या माणसाची नोंद रिपीटरकडे असूच शकत नाही, कारण त्याने ती हाक ऐकलीच नाही. मग ‘बहुतेकांचा आवाज स्पष्ट’ यात नवल काय? दुसऱ्या महायुद्धात परत आलेल्या विमानांवरची भोकं मोजण्याची गोष्ट तुम्ही पद्धतिशास्त्राच्या तासाला ऐकली असेल. इथे तीच गोष्ट आहे, फक्त न परतलेलं विमान म्हणजे एखादा तांडा. भरीस भर, हौशी मंडळी हाक देतात ती हमरस्त्यावरच्या चढावरून, गाडीवरच्या चांगल्या अँटेनाने. त्या भागातून नोंदी कमी आल्या की निष्कर्ष निघतो, ‘तिकडे वापर कमी आहे’. आणि पुढचा रिपीटर पुन्हा शहराजवळच बसतो.

यावर उपाय महाग नाही. ठिकाणं आधी ठरवायची, नकाशावर चिठ्ठ्या टाकून, आणि त्यांत खोलगट जागा मुद्दाम घ्यायच्या: पैनगंगेचा काठ, पुसदच्या वाटीचा तळ, टिपेश्वरच्या बाजूची जंगलातली गावं. वेळही आधी ठरवायची. नोंद ठेवायची ती हाक देणाऱ्याने स्वतःच्या वहीत, रिपीटरने नव्हे. प्रत्येक ठिकाणी दोन रकाने: मला रिपीटर ऐकू आला का, रिपीटरवर दुसऱ्या टोकाला बसलेल्याला मी ऐकू आले का. दुसऱ्या रकान्यातला ‘नाही’ हा तुमच्या प्रबंधातला सगळ्यात किमती आकडा आहे. आणि हे एकदा हिवाळ्यात, एकदा भर पावसाळ्यात करायचं. पावसाळ्यात फिरणं अवघड आहे, हे मान्य. चाळीस ठिकाणं जमत नसतील तर बारा करा, पण तीच बारा दोन्ही ऋतूंत.

मग ‘व्याप्ती सुमारे ५० किलोमीटर’ हे वाक्य खोडून त्या जागी असं काही लिहिता येईल: ‘५ वॅटच्या हातातल्या सेटवरून, आधी ठरवलेल्या १२ ठिकाणांपैकी फेब्रुवारीत इतक्या आणि जुलैत इतक्या ठिकाणांहून हाक पोहोचली. न पोहोचलेली ठिकाणं तक्त्यात नावानिशी दिली आहेत. त्या दिवशी मोजलेला डीसेन्स इतका होता.’ वाक्य लांबलं, नकाशाही गोल राहिला नाही. परीक्षक इथे पान उलटायचं थांबून प्रश्न विचारतील, तेव्हा तो तक्ता उघडून ठेवा.