सरीसृपांतील चेता-पुनर्जनन : एका संज्ञेची चिकित्सा

१८५० मध्ये ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेकडे जाणाऱ्या चेता छेदून, पेशीकायेपासून विलग झालेला तंतू ऱ्हास पावतो, हे दाखविले. ऱ्हासाची ही संकल्पना सुस्पष्ट आहे. ‘पुनर्जनन’ या संज्ञेविषयी तसे म्हणता येत नाही. मध्यवर्ती चेतासंस्थेत मत्स्य-उभयचरांना ते साधते, सस्तनांना साधत नाही आणि सरीसृप मधल्या पायरीवर, ही क्रमिक पुस्तकी मांडणी सोयीची खरी, पण दिशाभूल करणारी आहे.

ऑस्ट्रेलियातील टेनोफोरस ऑर्नेटस या सरड्याच्या दृक्‌-चेतेस इजा केल्यास तिचे तंतू पुन्हा वाढून मध्यमेंदूपर्यंत पोहोचतात. तरीही त्या डोळ्याने त्याला दिसत नाही. कारण दृष्टिपटलाचा नकाशा तेथे सुसंगतपणे उमटत नाही. गोल्डफिशमध्ये तो उमटतो व दृष्टी परतते. तंतूंची वाढ मोजणारा अभ्यासक सरड्यातील या घटनेस पुनर्जनन म्हणेल. भक्ष्यावरील झेप पाहणारा म्हणणार नाही. दोघांचे निष्कर्ष एकाच शब्दाखाली नोंदविणे हा शास्त्रीय काटेकोरपणा नव्हे. पालीच्या नव्या शेपटीबाबतही हाच घोळ आहे : तेथील स्नायूंना चेतापुरवठा होतो तो उरलेल्या मूळ भागातून.

विशेष म्हणजे, दृष्टीवर आधारित कृतीचे प्रशिक्षण दिलेल्या सरड्यांत नकाशा व दृष्टी या दोहोंत सुधारणा आढळली आहे. मधल्या पायरीच्या मांडणीत या निरीक्षणाला जागाच नाही.